पॅकेजांचा फेरफार

साताऱ्यात राजपथाला लागून एका बोळात माझ्या मित्राचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज, पावसाळ्यात पीकविमा, बाकी वर्षभर दाखले आणि सातबारे. दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह यंत्राला लागतात आणि त्यांच्यासोबत व्हायरसही येतात. त्याला वैतागून त्यानं काही वर्षांपूर्वी संगणकावर उबुंटू लिनक्स घातलं. मध्यंतरी एकदा त्याचा फोन आला. "अरे, हे जागा संपली म्हणतंय. डिस्क तर निम्मीसुद्धा भरलेली नाही. आणि आठवडा झाला, अपडेट अडकलंय."

मी पोचलो तेव्हा तो एका आजोबांना सातबारा वाचून दाखवत होता. "आजोबा, इथं बघा. सोसायटीचं कर्ज तुम्ही फेडलंत, पण बोजा अजून उतरलेला नाही. सोसायटीचा दाखला घ्या आणि तलाठ्याकडं अर्ज द्या." आजोबांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि ते गेले.

मग आम्ही त्याचा संगणक उघडला. दुखणं तेच निघालं. कर्ज कधीच फिटलं होतं, बोजा मात्र नोंदीत तसाच राहिला होता. तो बोजा कुठला आणि तो कसा उतरवला, ते पुढं येईलच. त्या दिवशी मित्राला सगळं समजावताना मी सातबाऱ्याचीच भाषा वापरली आणि त्याला ते एका बैठकीत कळलं. म्हणून या प्रकरणातही तीच वाट धरतो. गाव नमुना सात सांगतो, जमीन कुणाच्या नावावर आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते की ती त्या नावावर कशी आली. गाव नमुना बारा सांगतो, आज शेतात खरोखर काय उभं आहे. संगणकात बसवलेल्या सॉफ्टवेअरची तपासणीही याच तीन प्रश्नांनी करायची असते. काय आहे, कसं आलं आणि आज ते काय करतंय. या तिन्हींची उत्तरं हातात येईपर्यंत काहीही काढायचं नाही.

एक सूचना आधीच करतो. कमांड टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथं त्यांचे उच्चार दिले आहेत.

सात: काय आहे

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं. पॅकेज म्हणजे एक गाठोडं. त्यात प्रोग्रामच्या फाइली असतात, त्या कुठं ठेवायच्या याची यादी असते आणि सोबत एक चिठ्ठी असते. नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण आणि हे चालायला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात, हे सगळं चिठ्ठीत लिहिलेलं असतं.

उबुंटूचं मूळ घराणं डेबियन. इयन मर्डॉक यांनी ते १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलं. गाठोडी सोडून जागच्या जागी बसवणारा डीपीकेजी हा त्याचा कारभारी. इंटरनेटवरच्या भांडारातून गाठोडी आणणारा आणि त्यांची आपसातली देणीघेणी जुळवणारा दुसरा कारभारी म्हणजे ॲप्ट. तो १९९९ च्या डेबियन २.१ पासून सोबत आला. आज डेबियन १३ च्या भांडारात जवळपास ७० हजार पॅकेजं आहेत.

टर्मिनल उघडून 'डीपीकेजी' लिहावं आणि पुढं डॅश देऊन 'एल' हे अक्षर टाकावं, की बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी समोर येते. साध्या घरगुती उबुंटूवरही ती दीड-दोन हजारांच्या घरात जाते. ती पाहून नवखा माणूस दचकतो. "मी तर दहा-बारा प्रोग्रामच घेतले होते, ही एवढी फौज कुठून आली?"

याचं उत्तर सातारा जिल्ह्यातच, वाईला मिळतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातली एखादी नोंद वाचताना ती तुम्हाला मध्येच दुसऱ्या नोंदीकडं पाठवते. जी गोष्ट एका ठिकाणी नीट सांगितली आहे ती दहा ठिकाणी पुन्हा सांगायची नाही, फक्त 'तिकडं पहा' म्हणायचं, ही त्यामागची शिस्त. लिनक्सची शिस्त अगदी हीच आहे. चित्र उघडणं, फाइल दाबून लहान करणं, अक्षरं पडद्यावर मांडणं, अशी सामाईक कामं वेगळ्या पॅकेजांत एकदाच लिहून ठेवलेली असतात. बाकीचे प्रोग्राम 'ते तिकडून घ्या' म्हणतात. फरक एवढाच, की विश्वकोशात दुसरा खंड काढायचा की नाही हे वाचक ठरवतो. इथं ॲप्ट तो आपण होऊन आणून ठेवतो.

हे नातं तीन प्रतींचं असतं. पहिलं अवलंबून असण्याचं, ज्याच्याशिवाय चालणारच नाही. दुसरं शिफारशीचं, जे बहुतेकांना लागेल. तिसरं नुसतं सुचवण्याचं. उबुंटू आणि डेबियनवर पहिली दोन नाती असलेली पॅकेजं न विचारता सोबत येतात.

मित्राच्या यादीत एका नावावर त्याचं बोट थांबलं, 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. "हे मी कधीच घेतलं नाही. काढून टाकू?" मी त्याला थांबवलं. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीनं मुक्त परवान्याखाली दिलेले हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट आहेत आणि 'देवा' म्हणजे देवनागरी. ज्या दुकानात दिवसभर मराठी दाखले छापले जातात, तिथल्या यंत्रावरून देवनागरी अक्षरं काढायला आम्ही निघालो होतो. नाव ओळखीचं नाही म्हणून वस्तू निरुपयोगी ठरत नाही. सफाईतल्या बहुतेक अपघातांची सुरुवात याच गैरसमजातून होते. तपासणी करताना प्रत्येक अनोळखी नावासाठी 'ॲप्ट शो' ही कमांड चालवावी. ती पॅकेजची चिठ्ठी वाचून दाखवते.

सहा: कसं आलं

यादीपेक्षा मोलाची आहे ती फेरफाराची वही. ॲप्ट प्रत्येक व्यवहार 'हिस्टरी डॉट लॉग' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती कमांड चालली, कुणी चालवली, तिच्यामुळं काय आलं आणि काय गेलं, हे सगळं त्यात असतं. फाइल साध्या मजकुराची असल्यामुळं कोणालाही उघडून वाचता येते.

याहून महत्त्वाची एक बारीक खूण ॲप्ट प्रत्येक पॅकेजवर करतो. तुम्ही नाव घेऊन मागितलेल्या पॅकेजवर 'मॅन्युअल' अशी खूण लागते. दुसऱ्याच्या गरजेपोटी सोबत आलेल्यावर 'ऑटो'. स्वच्छतेचं सगळं शास्त्र या एका खुणेवर उभं आहे. ज्याच्यावर ऑटोची खूण आहे आणि ज्याची आता कुणालाच गरज उरलेली नाही, ते पॅकेज अनाथ झालं. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ही कमांड अशा अनाथांना शोधून निरोप देते. मॅन्युअल खूण असलेल्याला ती हात लावत नाही. कारण तो मालकाचा शब्द असतो आणि मालकाचा शब्द यंत्र मोडत नाही.

म्हणजे मॅन्युअल खूण हा आपण स्वतः चढवलेला बोजा आहे. काम झालं तरी तो आपणच उतरवायचा असतो.

'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' या कमांडनं बोजा चढवलेल्यांची यादी मिळते. तीही पहिल्यांदा पाहिली की लांबलचक वाटते. याचं कारण, यंत्र प्रथम उभं करतानाच इन्स्टॉलरनं पुष्कळ मूळ पॅकेजांवर मॅन्युअल खूण करून ठेवलेली असू शकते. जमिनीच्या दप्तरात मूळ मोजणीचा आकारबंद असतो, तशी अनेक उबुंटू यंत्रांवर पहिल्या दिवशीच्या पॅकेजांची यादी इन्स्टॉलरच्या लॉगमध्ये जपलेली असते. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या आणि आकारबंदातली नावं वजा करायची. उरलेली नावं म्हणजे तुम्ही आणि तुमच्याआधी त्या खुर्चीवर बसलेल्यांनी मागितलेली पॅकेजं.

मित्राच्या यंत्रावर वजाबाकीनंतर उरलेली यादी एका कागदावर मावली आणि वाचता वाचता यंत्राचं चरित्रच समोर आलं. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर, लग्नपत्रिका करायला घेतलेला चित्रांचा प्रोग्राम, पुतण्यानं सुट्टीत बसवलेले दोन खेळ. आणि शेवटी एकाखाली एक, फक्त आवृत्तीचे आकडे वेगळे असलेली कर्नलची पाच पॅकेजं.

"हे काय?" मी विचारलं.

बराच वेळ आठवून तो म्हणाला, "सुरुवातीला वायफायचं डोंगल चालत नव्हतं. एका पोरानं येऊन काय काय टाकून बघितलं होतं. पुढं मी केबलच ओढून घेतली."

कर्नल म्हणजे लिनक्सचं काळीज. यंत्राची सुधारणा होत जाते तसा नवा कर्नल येतो आणि त्याच्या फाइली 'बूट' नावाच्या कप्प्यात बसतात. एखादा नवा कर्नल बिघडला तर मागं फिरता यावं म्हणून उबुंटू चालू कर्नलसोबत आधीचाही राखते आणि त्याहून जुने आपोआप काढते. पण हे पाच त्या पोरानं नाव घेऊन मागितले होते. त्यांच्यावर मॅन्युअलची खूण होती, म्हणून आपोआप चालणाऱ्या सफाईनं त्यांना कधी हात लावला नाही. त्यातच या यंत्रावर बूटचा वेगळा, लहानसा कप्पा होता. तो भरला, नव्या कर्नलला जागा उरली नाही आणि सगळी अपडेटं अडकली. डिस्क निम्मी मोकळी असून जागा संपल्याची तक्रार येत होती ती यामुळं. डोंगल कधीच भंगारात गेलं होतं, त्याच्यासाठी चढवलेला बोजा मात्र राहिला होता.

बारा: आज काय उभं आहे

सातबाऱ्यावर सोयाबीन आणि शेतात ऊस, हे आपल्याकडं नवं नाही. म्हणून पीक पाहणी लागते. संगणकातही नोंदीवर विसंबून चालत नाही, शेतात जाऊन पाहावं लागतं.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात मुलांनीच मुलांना लिनक्स शिकवण्याची रीत रुजली, ही या भागासाठी अभिमानाची गोष्ट आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. एका सेमिस्टरच्या प्रात्यक्षिकासाठी त्यानं डेटाबेस सर्व्हर बसवला, पुढच्याला वेब सर्व्हर. परीक्षा झाली, मुलगा ते विसरला. डेबियन आणि उबुंटूवर सर्व्हरचं पॅकेज बसलं की त्याची सेवा लगेच सुरू होते आणि पुढं प्रत्येक वेळी यंत्रासोबत जागी होते. परीक्षा संपून दोन वर्षं झाली तरी ती मेमरी खात बसलेली असते. तिचं दार बाहेरून येणाऱ्यांसाठी उघडं असेल तर धोका वेगळाच.

म्हणून पीक पाहणीत तीन गोष्टी बघाव्यात. कोणत्या सेवा चालू आहेत, हे 'सिस्टिमसीटीएल' सांगतं. कोणती दारं उघडी आहेत, हे 'एसएस' सांगतं. तिसरी गोष्ट म्हणजे, बसवलेल्यांपैकी कोणती पॅकेजं आता कुठल्याच भांडारात नाहीत. ॲप्ट त्यांना 'ऑब्सोलीट' म्हणतो. कंपनीच्या साइटवरून एकदाच उतरवलेला प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा मागच्या आवृत्तीतून मागं राहिलेलं एखादं पॅकेज या यादीत सापडतं. त्यांना ॲप्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. सफाईची सुरुवात इथून केली तर फायदा सर्वांत मोठा.

आपण न मागितलेलं एखादं पॅकेज किती महाग पडू शकतं, हे २९ मार्च २०२४ ला जगानं पाहिलं. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काम करत होते. दूरच्या संगणकात शिरण्याची एसएसएच सेवा अर्धा सेकंद जास्त वेळ घेते आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते 'एक्सझेड' नावाच्या पॅकेजापर्यंत पोचले. फाइली दाबून लहान करणं हे त्याचं साधंसं काम. जिया टॅन या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी काही वर्षं खपून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं होतं. एसएसएच घेताना कुणीही एक्सझेड मागत नाही. डेबियनसारख्या काही वितरणांत मधल्या एका पॅकेजच्या नात्यानं त्याचा तुकडा एसएसएचपर्यंत पोचत होता. डेबियनची स्थिर आवृत्ती यातून वाचली, कारण तिच्यात तोवर जुनंच एक्सझेड होतं.

त्या दिवशी जगभरच्या यंत्रचालकांपुढं पहिला प्रश्न एकच होता. माझ्याकडं एक्सझेडची कोणती आवृत्ती आहे? ज्यांचं दप्तर नीट होतं त्यांना एका कमांडमध्ये उत्तर मिळालं. आपल्याकडं सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागचा विचारही हाच. आत काय आहे ते ठाऊक असलं, तरच ते राखता येतं.

गावठाणाची नोंद वेगळी

गावठाणातल्या घराचा सातबारा नसतो. सिटी सर्व्हे झाला असेल तर त्याची मिळकत पत्रिका असते. लिनक्सवरही काही वस्ती ॲप्टच्या दप्तराबाहेर असते. स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही स्वतंत्र भांडारं आहेत, त्यांची यादी त्यांच्या कमांडनंच मागावी लागते. स्नॅप प्रत्येक प्रोग्रामची आधीची आवृत्तीही ठेवून देतो, म्हणून 'स्नॅप लिस्ट'ला 'ऑल' जोडून पाहावं. फ्लॅटपॅकमध्ये कुणालाच न लागणारे घटक काढायला 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल'ला 'अनयूज्ड' जोडतात.

पायथॉनची पॅकेजं आणणारा 'पिप' हाही वेगळाच कारभारी. तो पूर्वी ॲप्टच्या जमिनीत परस्पर बांधकाम करायचा आणि दोघांचे तंटे व्हायचे. डेबियन १२ पासून प्रणालीच्या जागेत पिप थेट काही बसवायला नकार देतो आणि आधी स्वतंत्र कुंपण आखायला सांगतो. हा नकार फार शहाणपणाचा आहे. त्याला वळसा घालण्याचे उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितलेले दिसतात. ते करू नयेत.

घराणं बदललं तरी तत्त्व बदलत नाही. फेडोरावर डीएनएफ हा कारभारी आहे. त्याची फेरफार वही इतकी चोख, की 'डीएनएफ हिस्टरी'तला झालेला व्यवहार उलटाही फिरवता येतो. सी-डॅकचं बॉस लिनक्स आणि सर्वांच्या आवडीचं लिनक्स मिंट ही दोन्ही डेबियनच्या वंशातली, तेव्हा वर सांगितलेल्या कमांड तिथंही लागू पडतात.

आधी कंदील, मग माणूस

आता काढण्याकडं वळू. त्याआधी सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन येऊ.

हरिपूर कृष्णा आणि वारणेच्या संगमावर आहे. तिथल्या मातीत हळद साठवण्याची पेवं खणली जात. वरून तोंड निमुळतं, आत पोट मोठं. तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या कीर्तीत या पेवांचा वाटा आहे. पण जी हवाबंद जागा हळदीला राखते तीच माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. ते काही वेळ मोकळं ठेवतात, कंदील आत सोडून पाहतात. ज्योत टिकली तरच माणूस उतरतो.

ॲप्टकडं असा कंदील आहे. काढण्याच्या कोणत्याही कमांडला 'सिम्युलेट'चा पर्याय जोडला की ॲप्ट प्रत्यक्ष काही करत नाही. केलं असतं तर काय काय गेलं असतं, एवढंच वाचून दाखवतो. ही यादी शेवटच्या नावापर्यंत वाचायची. आपण एक पॅकेज काढायला निघालो आणि यादीत चाळीस नावं आली, तर ज्योत विझली असं समजून तिथंच थांबायचं.

यादी न वाचण्याची किंमत २०२१ मध्ये लाखो लोकांनी पडद्यावर पाहिली. कॅनडातले यूट्यूबर लायनस सेबास्टियन पॉप ओएस या उबुंटूच्या वंशातल्या लिनक्सवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवत होते. त्या वेळी भांडारातल्या स्टीमच्या पॅकेजचं नातं चुकलेलं होतं. ते बसवायला यंत्राचा अख्खा डेस्कटॉप काढावा लागणार होता. ॲप्टनं तसा इशारा दिला आणि खात्रीसाठी एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. एवढा जाणकार माणूस चुकला यात नवल नाही. स्क्रीनभर धावणाऱ्या ओळी वाचायची सवय आपल्यापैकी कुणालाच नसते. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी ते वाक्यच काढून टाकलं आणि मोलाची पॅकेजं अशी सहज काढता येऊ नयेत, अशी सोय केली. तरी 'सगळ्याला हो' म्हणणारा पर्याय, म्हणजे डॅश आणि 'वाय', काढण्याच्या कमांडला कधीही जोडू नये.

बोजा उतरवणं

पॅकेज काढण्याचा सर्वांत सौम्य मार्ग फार थोड्यांना माहीत असतो. थेट काढू नका. आधी फक्त आपला दावा मागं घ्या. 'ॲप्ट-मार्क ऑटो' लिहून पुढं पॅकेजचं नाव द्यायचं, की मॅन्युअलची खूण पुसली जाते. मग कंदील सोडायचा. ते पॅकेज दुसऱ्या कुणाला लागत असेल तर ते काढायच्या यादीत येणारच नाही. कुणालाच लागत नसेल तर आपोआप येईल. कोण राहणार आणि कोण जाणार, याचा हिशेब यंत्रच करतं आणि ते तुमच्या-आमच्यापेक्षा अचूक करतं.

मित्राच्या यंत्रावर हेच केलं. सध्या कोणता कर्नल चालू आहे ते 'यूनेम'नं पाहून घेतलं. पाच जुन्या कर्नलांवरचा बोजा उतरवला, कंदील सोडला. यादीत तेवढीच नावं आणि त्यांच्या मागं आलेले त्यांचे तुकडे होते, बाकी काही नाही. मग ऑटोरिमूव्ह चालवलं. बूटचा कप्पा मोकळा झाला आणि आठवडाभर अडलेलं अपडेट पुरं झालं.

कधी कधी अनाथ वाटणारं पॅकेज ऑटोरिमूव्हच्या यादीत येत नाही. त्यात काही चुकलेलं नसतं. एखाद्या पॅकेजनं नुसतं सुचवलेलं असलं तरी ॲप्ट ते मूळ स्वभावानुसार राखून ठेवतो. ते कुणासाठी थांबलंय हे 'ॲप्टिट्यूड व्हाय' एका ओळीत सांगतो. उबुंटूवर ॲप्टिट्यूड वेगळा घ्यावा लागतो.

काढण्याचेही दोन प्रकार आहेत. 'रिमूव्ह' केलं की प्रोग्राम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. डीपीकेजीच्या यादीत अशा पॅकेजापुढं 'आर-सी' ही खूण दिसते. परत बसवलं तर जुनी घडी तशीच मिळावी म्हणून ही व्यवस्था. पुन्हा लागणार नाही याची खात्री असेल तर 'पर्ज' करावं, म्हणजे त्याही जातात. मात्र डेटाबेससारख्या पॅकेजाला पर्ज करण्याआधी आपली माहिती वेगळी उतरवून घ्यावी.

नुसती जागाच हवी असेल तर पॅकेजं काढण्याआधी 'ॲप्ट क्लीन' करून पाहावं. 'ॲप्ट-गेट'नं आणलेली गाठोडी सोडून झाली तरी कोठारात पडून राहतात, ती यानं साफ होतात. प्रणालीच्या जुन्या लॉगांनाही 'जर्नलसीटीएल'नं मर्यादा घालता येते. या दोन उपायांत कोणताही प्रोग्राम जात नाही आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

पुरानंतरची यादी

या तपासणीचा आणखी एक लाभ सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. दुकानंच्या दुकानं पाण्याखाली गेली. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. पाण्यात गेलेला संगणक परत मिळत नाही. पण त्यावर काय होतं याची यादी बाहेर असेल, तर नव्या यंत्रावर घडी बसवायला एक दुपार पुरते.

म्हणून मॅन्युअलची यादी, आकारबंद वजा करून, एका फाइलीत उतरवावी आणि स्वतःला मेल करून ठेवावी. काही किलोबाइटांची ती फाइल. नव्या यंत्रावर ती ॲप्टपुढं ठेवली की तो सगळी नावं पुन्हा आणतो. त्यांच्यासोबत येणारी शेकडो पॅकेजं त्यानं स्वतःच जोडून घ्यायची असतात. यादी जितकी नेटकी, तितकं नवं यंत्र नेटकं. न साफ केलेली यादी पुढं नेली तर जुनं डोंगलही तिच्यासोबत नव्या घरी येतं.

दोरीला बांधलेली वही

एवढं सगळं दप्तर यंत्र राखतं. पण त्यात एक रकाना नाही. जमिनीच्या फेरफारात कारण लिहिलेलं असतं, खरेदीनं, वारसानं, कर्जापोटी. यंत्राला पॅकेज कुणी आणि कधी मागितलं हे ठाऊक असतं. कशासाठी मागितलं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तहसीलच्या दप्तरात पिढ्यांपूर्वीचे फेरफार सापडतात. ॲप्टची हिस्टरी मात्र मूळ मांडणीत दर महिन्याला नवी फाइल सुरू करते आणि मागच्या बाराच ठेवते. वर्ष उलटलं की खूण उरते, तिच्यामागची हकिकत पुसली जाते. मित्राला ते डोंगल आठवलं म्हणून आम्ही सुटलो. न आठवतं, तर त्या पाच कर्नलांना हात लावायचं धाडस मलाही झालं नसतं. न कळणारं काढायची भीती आणि न लागणारं साठत जाणं, ही दोन्ही दुखणी हरवलेल्या कारणातून येतात.

म्हणून तपासणीचं शेवटचं काम कागदावरचं आहे. त्या संध्याकाळी मित्रानं दुकानातलीच एक शंभर पानी वही घेतली, तिला भोक पाडून मॉनिटरच्या बाजूला दोरीनं बांधली आणि चार रकाने आखले. तारीख, काय बसवलं, कशासाठी, केव्हा काढायचं. यादीत उरलेली नावं एकेक करून त्यात उतरवली. खेळांपुढं त्यानं लिहिलं, 'पुतण्याला विचारून'. लग्नपत्रिकेच्या प्रोग्रामपुढं, 'ठेवायचं, सीझनला लागतं'. सर्वांत वर जुन्या स्कॅनरच्या ड्रायव्हरची नोंद आहे आणि तिच्या शेवटच्या रकान्यात लिहिलंय, 'स्कॅनर गेला की त्याच दिवशी'.